शून्य आणि 'नोंद नाही'

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे असे समितीचे पत्र आले, तेव्हा आधी आनंद झाला आणि मग पत्रातला विषय वाचून संकोच वाटला. 'जीवनातील संकटे आणि मनोबल' यावर माजी विद्यार्थ्यांनी आपले अनुभव कळवावेत, असे त्यात म्हटले होते. संकटे माझ्याही वाट्याला आली, परंतु मनोबल नावाची काही वस्तू आपल्याजवळ आहे असे मला कधी वाटलेले नाही. माझ्याजवळ एक वही आहे. ती कशी आली एवढेच मी सांगू शकतो, आणि ते सांगायचे तर भूगोलाच्या बाईंविषयीच लिहावे लागेल. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. त्यांचेही ऋण आहेच, पण त्याविषयी दुसरे कोणीतरी लिहील.

बाईंचे नाव लिहिण्याची गरज नाही. १९७० ते २००५ या काळात शाळेत असलेल्या कोणाहीसमोर नुसते 'बाई' म्हटले, तरी त्या एकट्याच आठवतील.

मागच्या पटांगणात तारेच्या छोट्या कुंपणात एक जस्ती डबा असे, तो अनेकांना आठवत असेल. क्रिकेटचा चेंडू त्यात गेला की खेळ तिथेच थांबे. तो बाईंचा पर्जन्यमापक. १२७ मिलिमीटर व्यासाचे नरसाळे, त्याखाली बाटली, कड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच आणि कुठलीही भिंत तिच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर. वेधशाळेत मोजतात तसाच पाऊस आपल्याकडे मोजला जाई, रोज सकाळी साडेआठ वाजता, मागच्या चोवीस तासांचा. (शिवाजीनगरच्या वेधशाळेला पुणेकर अजून सिमला ऑफिस का म्हणतात, हे बाईंनी पहिल्याच तासाला सांगितले होते: १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आले आणि नाव सामानाबरोबर आले.) शाळा सव्वासातची असल्याने साडेआठला दुसरा तास चालू असे, आणि नोंद घेणाऱ्या विद्यार्थ्याला त्या तासातून उठून जाण्याची परवानगी होती. जून १९८५ मध्ये, मी आठवीत गेल्यावर, ते काम माझ्याकडे आले. त्यात माझी हुशारी काही नव्हती. रविवारी आणि सुट्टीतही यावे लागे, म्हणून ज्याचे घर शाळेला सर्वांत जवळ त्याला बाई ते काम देत.

पहिल्या दिवशी मी काचेचे माप उंच धरून वाचू लागलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "डोळा खाली आण. पाणी तुझ्यासाठी वर येणार नाही." मापातले पाणी मधोमध खोलगट दिसते, त्या खोलगटाच्या तळाशी नजर समांतर धरायची आणि दशांशापर्यंत वाचायचे. पुठ्ठ्याच्या बांधणीच्या लांबट वहीत तारीख, आकडा आणि सही, बस्स. मोत्यासारखे अक्षर नको, खाडाखोड नको.

जुलैत वडील गेले. ते नारायण पेठेतल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे जुळवता जुळवता छातीत दुखू लागले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळे संपले होते. तेरावे झाल्यावर मी शाळेत आलो. वर्गात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते, ज्याने कधी पेन्सिल उसनी दिली नव्हती तोही डबा पुढे करत होता, आणि ते मला सहन होत नव्हते. साडेआठ वाजता मी सवयीने उठलो. कुंपणापाशी बाई उभ्या होत्या. त्या वडिलांविषयी एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यांनी पर्समधून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. मी नव्हतो त्या सगळ्या दिवसांचा पाऊस त्यांनी स्वतः मोजून, एकेका चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून ठेवला होता. "वहीत मी हात लावलेला नाही," त्या म्हणाल्या. "वही तुझी आहे. शाईने उतरवून काढ."

भूगोलाच्या खोलीत बसून मी ते आकडे उतरवले. वैकुंठ स्मशानभूमीतून परतताना धो धो पाऊस होता, असे मला पक्के आठवत होते; आजही आठवते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या चिठ्ठीवर आकडा होता १.८. वेधशाळेच्या हिशोबात २.५ मिलिमीटर पडला तरच 'पावसाचा दिवस' धरतात. म्हणजे तो पावसाचा दिवससुद्धा नव्हता. मी विचारले, "बाई, इतकाच?" त्यांनी चिठ्ठी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, "मापात इतकाच. तुला जास्त लागला असेल." मग मी रडलो. त्यांनी मला थांबवले नाही, आणि रडणे झाल्यावर उरलेल्या चिठ्ठ्या पुढे सरकवल्या.

आईने पोळीभाजीचे डबे सुरू केले. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या विद्यार्थ्यांना ते पोचवण्याचे काम माझे. शाळेच्या दिवशी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी. ऑगस्टमधल्या अशाच एका रविवारी मी नोंद घ्यायला गेलो नाही. सोमवारी बाटलीत ९.६ मिलिमीटर निघाला, तो मी सोमवारच्या नावावर लिहिला आणि रविवारपुढे बिनदिक्कत ०.० ठोकून दिले. बाईंनी वही पाहिली.

"रविवारी सकाळपर्यंत पाऊस नव्हता?"

"नव्हता, बाई."

"मग शनिवारी रात्री माझ्या दोरीवरचे कपडे कशाने भिजले?"

मी गप्प राहिलो. त्यांनी आवाज चढवला नाही, उलट नेहमीपेक्षा सावकाश बोलल्या. "शून्य म्हणजे तू येऊन पाहिलंस आणि बाटली कोरडी होती. आला नाहीस, तर 'नोंद नाही' असं लिहायचं. तेही वहीत चालतं. सोमवारच्या आकड्यापुढे 'दोन दिवसांचा एकत्र' असं लिहायचं. पण खोटं शून्य लिहिलंस, तर पुढचा आकडाही खोटा होतो."

मग त्यांनी कारण विचारले आणि मी डब्यांचे सांगितले. कणव दाखवतील, पैसे पुढे करतील किंवा काम काढून घेतील, या तिन्हींची मला धास्ती होती. त्यांनी खडू घेतला आणि बाकावरच पेठांचा नकाशा काढला. कुठून निघतोस, किती डबे, कुणाला कधी हवा, असे विचारत विचारत माझा मार्गच त्यांनी नव्याने आखला. मी आधी अप्पा बळवंत चौकातून वळसा घालून जात होतो. त्यांनी आधी लांबचे डबे आणि परतताना जवळचे असा क्रम लावून शाळा बरोबर साडेआठला वाटेत आणली. त्यात माझी वीस मिनिटे वाचली. त्या रविवारनंतर दहावी होईपर्यंत वहीत 'नोंद नाही' असे एकूण अकरा वेळा आहे, आणि अकराही खरे आहेत.

१९८८ मध्ये दहावी झाल्यावर नवी वही सुरू झाली आणि माझी जुनी वही बाईंनी मला देऊन टाकली. पदविका, पिंपरीतली नोकरी, आणि १९९९ मध्ये भोसरीत दोन लेथवर सुरू केलेला स्वतःचा छोटा कारखाना, हे सगळे येथे विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. पुढे नऊ कामगार झाले एवढे मात्र अभिमानाने नोंदवतो.

२००८ च्या अखेरीस जगभर मंदी आली आणि वाहनउद्योगावर जगणाऱ्या आमच्यासारख्यांची कामे दोन महिन्यांत निम्म्यावर आली. हप्ते थांबले नाहीत. मला झोप लागेनाशी झाली. पहाटे तीनला उठून मी गॅलरीत बसत असे आणि घरात कोणी विचारले की, "काही नाही, सगळे ठीक आहे," असे म्हणत असे. त्या काळात मला भेटणारा प्रत्येक जण खंबीर राहा, सकारात्मक विचार कर, असे सांगून जाई. या शब्दांनी कोणाला बळ मिळत असेल तर मिळो. मला तरी त्यांनी 'ठीक आहे' म्हणण्याची अधिकच सक्ती झाल्यासारखे वाटे. शेवटी पत्नीने मला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी औषध दिले आणि एक तक्ताही दिला: रोज किती तास झोप झाली आणि मनाची स्थिती शून्य ते दहामध्ये कोठे होती. मी पंधरा दिवस झोपेपुढे सहा आणि मनापुढे पाच असे आकडे भरून नेले. डॉक्टरांनी तक्त्यावरून नजर फिरवली आणि एवढेच विचारले, "रोज सारखेच?"

दोरीवरचे कपडे मला त्या क्षणी आठवले. मी तक्ता परत मागितला. ज्या दिवसांचे खरोखर आठवत होते तिथे आठवले तसे लिहिले, एका दिवसापुढे 'एक' लिहिला, आणि उरलेल्या नऊ दिवसांपुढे 'नोंद नाही' लिहिले. उपचार तिथून सुरू झाले असे मी मानतो, जरी डॉक्टर गोळ्यांना श्रेय देतात आणि तेही बरोबरच असेल. ते 'मानसिक लवचीकता' असा शब्द वापरत. कणखरपणापेक्षा तो मला बरा वाटतो, कारण वाकणे त्यात गृहीत आहे. बरे व्हायला वर्ष लागले, आणि त्या वर्षात दोन कामगार कमी करावे लागले, हेही लिहिले पाहिजे.

२००९ च्या पावसाळ्यात मी हे सांगायला बाईंच्या घरी गेलो. त्यांनी चहा केला आणि प्रथमच स्वतःविषयी बोलल्या. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे गेले आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले, हे त्या आम्हाला दर वर्षी शिकवत असत. तळमजल्याच्या भिंतीवरची पुराची रेघ दाखवायला सगळा वर्ग खाली नेत असत. परंतु त्या पुरात त्यांचे स्वतःचे घर गेले होते, त्या तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या आणि पुढचे काही महिने सहा जणांचे त्यांचे कुटुंब नातेवाइकांच्या एका खोलीत राहिले होते, हे तीन वर्षांत त्यांनी आम्हाला कधीच सांगितले नव्हते. "पूर काही पुण्यात पडलेल्या पावसाने आला नव्हता, हे मला पाठ होतं," त्या म्हणाल्या. "तरी रात्री मोठी सर आली की मी उठून खिडकीशी उभी राहायची. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून तो पर्जन्यमापक घेतला. सकाळी आकडा कळायला लागला, तेव्हा रात्री झोप लागायला लागली. लगेच नाही. दोनेक पावसाळे गेले."

माझी मुलगी सध्या मानसशास्त्र शिकते. तिने मला हवाई बेटांपैकी कवाई येथील एका अभ्यासाविषयी सांगितले. १९५५ मध्ये तिथे जन्मलेल्या ६९८ मुलांची एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके पाहणी केली. गरिबी, घरातली भांडणे, पालकांचे आजार अशा अनेक आपत्ती एकत्र वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम, स्थिर माणसे झाली, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांच्या आयुष्यात भरवशाचे असे निदान एक मोठे माणूस होते. काहींच्या बाबतीत ते शिक्षक होते. मुलगी म्हणाली, "बाबा, या तुमच्या बाईच." मला ते पटले. बाईंना मात्र या अभ्यासापेक्षा दुसरी गोष्ट अधिक आवडली असती: त्याच कवाईवरचे वायालेआले शिखर जगातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे. तिथले माप कोण वाचते आणि कसे, हे त्यांनी आधी विचारले असते.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा कारखान्यातल्या प्रत्येक कामगाराला मी रोज फोन करत असे आणि 'बरे आहे' या उत्तरावर थांबत नसे. किती झोपलास, काय खाल्लेस, असे आकड्यातले विचारत असे. आता लेथच्या वरच्या भिंतीवर शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे. दोघांनी तो वापरल्याचे मला स्वतःहून सांगितले. बाई २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत गेल्या. आम्हा कोणालाच जाता आले नाही. मी अजूनही रोज वही लिहितो, आणि त्या आठवड्यातले पान कोणी पाहिले तर सात दिवसांपुढे तेच दोन शब्द दिसतील.

मध्यंतरी शाळेत आलो होतो. मागच्या पटांगणात पेव्हर ब्लॉक बसवले आहेत आणि कुंपण होते तिथे दुचाकी उभ्या असतात. पर्जन्यमापक कधी निघाला ते कोणाला सांगता आले नाही. नवी इमारत देखणी आहे, त्याबद्दल वाद नाही.

माझ्या कारखान्यात मी एक पर्जन्यमापक तयार करून घेतला आहे. कड पितळी आहे आणि ती मी स्वतः लेथवर कापली. काचेचे माप विकत आणले आहे. नव्या इमारतीची उंची १४ मीटर धरली, तर तिच्यापासून २८ मीटर अंतर हवे; ते पूर्वेच्या कुंपणाजवळच्या पट्टीत मिळते, हे मी टेपने मोजून पाहिले आहे. पुढच्या जूनपूर्वी तो बसवून देण्याची माझी तयारी आहे. समितीने परवानगी द्यावी, आठवीतला शाळेच्या सर्वांत जवळ राहणारा मुलगा किंवा मुलगी शोधावी, आणि आमच्या वेळी शिपाईमामा रविवारी साडेआठच्या आधी फाटक उघडून ठेवत असत, ती किल्ली हल्ली रविवारी कोणाकडे असते, तेवढे कळवावे.