आमची वाटचाल : कोऱ्या घोडीपासून

नवीन व्हायोलिन घेताना गिऱ्हाईक पहिलं विचारतं, "तारा लावून देता ना?" तारा काय, दुकानातलं पोरगंही लावेल. मी जे करून देतो ते तारांच्या आधीचं काम, घोडी, म्हणजे तारा पेलणारा लाकडी तुकडा, नीट बसवायचं, आणि त्याचे पैसे मागितले की आमचं दुकान महाग. इतक्या वर्षांत हे वाक्य तीन भाषांत ऐकून झालं.

सुरुवात बेळगावच्या शहापुरात, मागांच्या खटखटीत. बाबा पेटी आणि तबला दुरुस्त करायचे. व्हायोलिन दुकानात आणलं मी, आणि माझ्याबरोबर सुतारमामांनी. मामा दारं-खिडक्या करणारा माणूस, आयुष्यात एक सूर वाजवला नाही. पण गोव्याकडची जुनी व्हायोलिनं चोर्ला घाट चढून आमच्याकडं यायची, ती उघडून बघता बघता दोघं शिकलो. कुणीतरी कधीतरी नीट बसवलेली घोडी हातात आली की मामा ती खिडकीशी धरून दहा-दहा मिनिटं बघत बसायचे. बाबा ओरडायचे, "काय करूलास रे तिथं?"

कारखान्यातून घोडी येते ती कोरी. पाय सपाट, माथा जाड. व्हायोलिनचं पोट, म्हणजे वरची फळी, फुगीर, त्यावर सपाट पाय एका कडेवरच टेकतात, मग आवाज पोटात उतरणार कसा? पोटाला खडू चोळायचा, घोडी टेकवायची, उचलायची, पांढरं लागलं तेवढंच खरवडायचं. पुन्हा टेकवायची. पायाखाली कागद सरकेनासा झाला की मग माथा. फिंगरबोर्डच्या, म्हणजे बोटं दाबायच्या पट्टीच्या, टोकाशी बारीक तार 3.5 मिमी वर, जाड तार 5.5 मिमी वर, आणि माथ्याची जाडी 1.3 मिमीच्या आसपास. जादा खरवडलं तर घोडी गेली, नवी घ्या. मामांची त्या कामाची पटाशी झिजून बोटाएवढी राहिलीय, ती मी कुणाला हात लावू देत नाही.

आणि साउंडपोस्ट. आम्ही नुसतं काठी म्हणतो. स्प्रूसची, 6 मिमी जाड, बारीक तारेकडच्या पायाच्या किंचित मागं, आत पोट आणि पाठ यांच्यामध्ये उभी. डिंक नाही, खिळा नाही, नुसत्या दाबावर. वाकड्या आकड्याला टोचून पोटावरच्या एफ आकाराच्या भोकातून आत न्यायची आणि दातांच्या डॉक्टरच्या आरशात बघत उभी करायची. म्हणून सांगतो, चारी तारा एकदम कधीच काढू नका. दाब गेला की काठी पडते. एक काढा, एक लावा. शिवाय तारा ओढताना घोडी खुंट्यांच्या बाजूला झुकते, ती रोज बघून दोन्ही हातांनी सरळ करा. कुणी विचारलं नव्हतं, पण सांगितलं.

खानापूरच्या मास्तरांचं नाव घेत नाही, त्यांना आवडणार नाही. पहिल्या वर्षीपासूनचं गिऱ्हाईक. मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पायावर टेकवून वाजवतात. तारा सा-प, सा-प अशा, विलायती पद्धतीपेक्षा ढिल्या. मी पहिल्यांदा पुस्तकी मापानं घोडीची उंची उतरवली आणि तार खडखडायला लागली. ढिल्या तारेचा हेलकावा मोठा, तिला जागा जास्त लागते. हे मला मास्तरांनी शिकवलं, बिल दिल्यावर.

मधली वर्षं बरी गेली.

मग आमच्याच रस्त्यावर दुसरं दुकान झालं. काचेचं दार, भिंतीवर ओळीनं टांगलेली व्हायोलिनं, 'घ्या आणि वाजवा'. दर माझ्यापेक्षा बराच कमी. कमी असणारच, खोकं फोडून टांगायला किती वेळ लागतो?

2019 च्या ऑगस्टमध्ये एका शाळेची 14 व्हायोलिनं मी तयार करून ठेवलेली. त्या पावसात दुकानात गुडघाभर पाणी शिरलं. माल वरच्या फळीवर, भिजला नाही, पण आठवडाभराच्या दमटपणानं खुंट्या फुगून बसल्या, पोटं फुगली, घोड्या वर उचलल्या, तारा उंच झाल्या. दोन आठवडे वाळू द्या म्हटलं, शाळेनं ऐकलं नाही. पोरांची बोटं दुखतात म्हणून चौदाच्या चौदा परत आली आणि ऑर्डर काचेच्या दारात गेली. त्या दिवाळीत बायकोच्या पाटल्या सोसायटीत गहाण ठेवल्या. मामा नुकतेच वारले होते, बरं झालं, बघितलं नाही.

मार्चमध्ये हवा कोरडी पडली. त्या दुकानाच्या व्हायोलिनच्या खुंट्या सुटायला लागल्या, आत काठ्या पडून खुळखुळायला लागल्या. शाळेचा शिपाई ती 14 रिक्षात घालून माझ्याकडं. "सर, स्वल्प टाइट माडरी." म्हणजे थोडं टाइट करा. टाइट! आठच दिवसांत लॉकडाऊन. शटर खाली ओढून, घरातच असल्यासारखं, एकेक घोडी खडूवर बसवली. काम म्हणून तसं परत माझ्या हातून होणार नाही. पुढच्या वर्षी शाळेनं व्हायोलिनं नेली. निम्मं बिल अजून यायचंय. पावती पुस्तकात आहे.

2024 मध्ये सरकारी नियमानं दुकानाची पाटी नवी करावी लागली, 60 टक्के कानडी. रंगाऱ्यानं त्यात व्हायोलिनचं चित्र काढलं, घोडी उलटी. ती मी स्वतः पुसून नीट काढून घेतली.

आता त्या दुकानातला पोरगा संध्याकाळी माझ्या मागच्या दारानं येतो. परवा व्हायोलिनच्या तीन पेट्या आणल्या. उघडून बघितलं, तिन्ही घोड्या कोऱ्या.

"मालक विचारतात, शनिवारपर्यंत होतील काय?"

सोमवारी ये म्हटलं. आणि पैसे आधी.