केज यांचे मौन

२९ ऑगस्ट १९५२ रोजी वुडस्टॉकजवळच्या मॅव्हरिक सभागृहात डेव्हिड ट्यूडर पियानोसमोर बसले, त्यांनी झाकण लावले आणि ४ मिनिटे ३३ सेकंद एकही सूर वाजवला नाही. अमेरिकन संगीतकार जॉन केज यांच्या या रचनेचे मूळ मी अनेक वर्षे भारतीय संगीतकार गीता साराभाई यांनी त्यांना सांगितलेल्या विचारात शोधत आलो: मन शांत करणे हे संगीताचे प्रयोजन. (आपल्या मैफलीत षड्ज लागण्यापूर्वीची शांतता मात्र आपण तानपुऱ्याने भरून टाकतो.)

अलीकडे मला या रचनेचा दुसरा एक अर्थ अस्वस्थ करतो: तिच्यातले मौन केज यांच्या समलैंगिकतेशी जोडणारा. केज आणि नर्तक मर्स कनिंगहॅम यांचे सहजीवन १९९२ मध्ये केज यांचे निधन होईपर्यंत टिकले, तरी केज त्याविषयी जाहीरपणे फारसे बोलले नाहीत. आणि १९५३ मध्ये तर समलिंगी व्यक्तींना अमेरिकेच्या संघीय नोकरीतून वगळण्यास वाव देणारा अध्यक्षीय आदेश निघाला. कलेतिहासकार जोनाथन कॅट्झ यांच्या मते हे मौन म्हणजे निव्वळ लपणे नसून प्रतिकाराची एक रीत होती. हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो, कारण ज्याने संगीतातून स्वतःची आवडनिवड हद्दपार करण्याचा ध्यास घेतला, त्याच्या रचनेला आत्मकथनाची गुरुकिल्ली लावणे म्हणजे त्या संध्याकाळी छपरावर पडलेल्या पावसाकडे, म्हणजे त्या मौनात ऐकू येणाऱ्या भोवतालच्या आवाजांकडे, पुन्हा दुर्लक्ष करणे होय. अमेरिकन संगीतकार पोलिन ऑलिव्हेरोस यांनी मात्र आपली समलैंगिकता उघडपणे सांगितली, आणि ऐकण्यालाच साधना मानले.