आमची वाटचाल : काजूच्या मार्क्यापासून करवंटीच्या खोक्यापर्यंत

माझ्या सासऱ्यांचा काजूचा व्यापार होता. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावातून बियांच्या गोणी जायच्या आणि प्रत्येक गोणीवर त्यांचा मार्का असायचा. वीतभर रुंदीचा पत्रा, त्यात अक्षरं कोरलेली. गोणीवर ठेवून काळा रंग फासला की नाव उमटलं. मामंजी गेले, व्यापार बंद झाला आणि तो पत्रा माळ्यावर गंजत पडला.

आम्ही करवंटीच्या वस्तू करतो. वाट्या, चमचे, बटणं आणि दवले. दवला म्हणजे करवंटीचा डाव. पूर्वी गोव्यातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात तो असायचा. करवंटी कापायचं आणि घासायचं काम ह्यांचं, तेल लावून चकाकी आणायचं माझं. सुरुवातीला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसायचो. तिथं गिऱ्हाईक वस्तू हातात घेऊन बघतं, ठोकून बघतं, मग पिशवीत टाकतं. खोक्याचा प्रश्नच नव्हता.

तो आला दुकानांत माल ठेवायला लागल्यावर. दुकानदार म्हणायचे, वस्तू छान आहे, पण भेट म्हणून द्यायची कशात? छापील खोक्यांसाठी चौकशी केली, तर प्रत्येक मापाचे किमान दोन हजार घ्या म्हणाले. आमची मापं तीन आणि विक्री महिन्याला जेमतेम साठ-सत्तर वस्तूंची. एवढे खोके घरात ठेवले असते तर आम्ही बाहेर झोपलो असतो, आणि पहिल्याच पावसात त्यांना बुरशी धरली असती. त्या हिशेबाच्या रात्री सासूबाई म्हणाल्या, "अगो, ह्यांचा मार्का आहे ना वर? तसं काहीतरी कर."

मी पत्रा खाली काढला, चिंचेनं घासला आणि खिडकीपाशी धरून बघत बसले. आज जे काही येतं त्यातलं निम्मं त्या पत्र्यानं शिकवलं. व, क यांच्या पोटातला गोल पूर्ण कापला तर तो गळून पडतो आणि कागदावर नुसता रंगाचा गोळा उमटतो. म्हणून कोरणाऱ्यानं प्रत्येक गोलाला पत्र्याची एक बारीक पट्टी ठेवली होती, गोल जागेवर धरून ठेवणारी. आम्ही तिला पूल म्हणतो. शिवाय शिरोरेघ सलग नव्हती. प्रत्येक अक्षराची रेघ वेगळी, मधे तांदळाच्या दाण्याएवढी फट. सलग कापली असती तर पत्रा त्या रेघेवरच वाकला असता. आमच्या खोक्यावर 'करवंटी' हा शब्द अजून तशाच तुटक रेघेनं येतो. लोकांना ती आमची शैली वाटते. ती त्या अनाम कारागिराची आहे, हे मी प्रत्येकाला सांगते.

पत्रा कापणं आम्हाला जमणारं नव्हतं. जाड कार्डबोर्ड वापरून पाहिला, तो दहा-बारा खोक्यांत रंग पिऊन मऊ पडला. मग घरातले जुने एक्स-रे काढले. सासूबाईंच्या गुडघ्याचे दोन होते. ब्लीचच्या पाण्यात टाकून घासले की काळा थर निघतो आणि खाली स्वच्छ, चिवट फिल्म उरते. पहिली दोन वर्षं आम्ही त्याच वापरल्या. आता दोनशे मायक्रॉनच्या आसपासची प्लास्टिक शीट विकत घेतो, पण हाताला सवय एक्स-रेनंच लावली. कापताना ब्लेड एका जागी धरायचं आणि वळणावर शीट फिरवायची. ब्लेड फिरवलं की वळणाला कोपरे पडतात.

रंग कोणता, हे मात्र माझ्या मनात पहिल्यापासून ठरलेलं होतं. लहानपणी मोरजीला मोरजाईच्या देवळात भिंतींवरची कावी बघितली होती. पांढऱ्या चुन्यावर तांबड्या मातीचा गिलावा देतात आणि तो ओला असताना टोकदार हत्यारानं खरवडून खालचा पांढरा वर आणतात. दोनच रंग, तरी भिंत भरून जाते. तीच वेलबुट्टी स्टेन्सिलवर, म्हणजे छापासाठी कापलेल्या शीटवर, घ्यायला गेले आणि अडले. भिंतीवर तांबड्याच्या मधे पांढरं बेट आणि त्यात पुन्हा तांबडा ठिपका चालतो, कारण सगळं गिलाव्याला चिकटलेलं असतं. शीटमधलं बेट हवेत राहील कसं? म्हणून नक्षी उचलून आणायचा नाद सोडला, रंग तेवढा घेतला. चित्रं आपल्या परसातली निवडली. माडाची झावळी तर जणू स्टेन्सिलसाठीच जन्मलेली आहे, नुसत्या सुट्या पट्ट्या, एकाही पुलाची गरज नाही. अबोलीची पाकळी सोपी. तुळशीवृंदावनाला मात्र माझे तीन आठवडे गेले.

पहिला रंग मी घरी केला, गेरू आणि बाभळीचा डिंक. वाळल्यावर इतका सुंदर मातकट दिसायचा की मी ऐंशी खोके करून पणजीच्या एका दुकानात पाठवले. जून लागला, हवा दमट झाली आणि डिंक पुन्हा ओला झाला, तो पाण्यात विरघळणाराच. गिऱ्हाइकांचे हात तांबडे, एका बाईंची पांढरी ओढणी तांबडी. सगळे खोके परत आले. चूक माझीच होती आणि ती मला फार लागली, कारण त्या दुकानदारानं आमच्यावर विश्वास टाकला होता. तेव्हापासून गेरूऐवजी कापडछपाईवाले वापरतात तो बाइंडर (रंग धरून ठेवणारा चिकट पदार्थ) आणि पिगमेंट (रंगाची पूड) घेतो, आणि नवा रंग आणला की एक खोका पावसाळ्यात आठ दिवस पडवीत ठेवून मगच वापरतो.

खोके कोरे आणतो, तीन प्लायचे म्हणजे तीन थरांच्या पुठ्ठ्याचे, तपकिरी, शंभराच्या गठ्ठ्यानं. छाप घडी घालायच्या आधी मारायचा, खोका सपाट असताना. खाली लोखंडी पत्रा, त्यावर खोका, वर शीट आणि चारी कोपऱ्यांना लोहचुंबक, म्हणजे शीट हलत नाही. स्पंजला रंग अगदी थोडा घ्यायचा, आधी रद्दीवर दोनदा टिपायचा आणि मग खोक्यावर सरळ वरून टिपायचा. घासला की रंग शीटखाली शिरलाच. जोरात दाबला तर पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या रेघा होऊन वर दिसतात. दर दहा खोक्यांनंतर शीट पुसायची, आणि वरच्यापेक्षा खालची बाजू नीट, कारण डाग तिथूनच पडतो. किंमत, पत्ता, महिना-वर्ष ही कायद्यानं लागणारी बारीक अक्षरं स्टेन्सिलला झेपत नाहीत. त्याला रबरी शिक्का.

आत भरायला सोडणाचा, म्हणजे नारळाच्या सालीचा, काथ्या आणि वरून सुंभाची गाठ. दोन्ही वाडीतलंच. काथ्या चार दिवस कडक उन्हात वाळवावाच लागतो. पावसाळ्यात ऊन कुठलं, म्हणून मे महिन्यातच पुढच्या चार महिन्यांचा भरून ठेवतो.

मार्च 2020 मध्ये सगळं थांबलं. पर्यटक नाहीत, बाजार नाही. तेव्हा घरातल्या उरलेल्या दोनशे कोऱ्या खोक्यांवर मी पोस्टानं पाठवायचे संच केले, एक दवला, दोन चमचे, एक वाटी. पुण्या-मुंबईच्या ओळखीच्यांनी घेतले, त्यांनी पुढे सांगितलं. 1 जुलै 2022 पासून प्लास्टिकच्या काट्या-चमच्यांवर बंदी आली आणि किनाऱ्यावरची दोन-तीन उपाहारगृहं आपण होऊन चमचे मागायला आली. एकाला खोक्यावर मासा हवा होता, दुसऱ्याला होडी. दोन हजार छापील खोके पडले असते तर आम्हाला नाही म्हणावं लागलं असतं. शीट कापायला एक संध्याकाळ लागली.

आता वाडीतल्या चार जणी आमच्याबरोबर काम करतात. छाप, घडी, काथ्या, गाठ मिळून खोक्यामागे पाच रुपये देतो आणि हात बसलेली बाई तासाला पंचवीस खोके करते. कोरा खोका आणि रंग धरून एक खोका आम्हाला वीस रुपयांच्या घरात पडतो. मोठ्या संख्येनं छापलेला याहून स्वस्त पडेल, हे मला ठाऊक आहे. पण ते पाच रुपये वाडीत राहतात आणि मला ते तिथंच राहायला हवे आहेत. मशीनवर कापून आणलेल्या शीटही एकदा वापरल्या, फार सफाईदार. नव्या मुलींना शिकवायला मात्र मी पहिल्या दिवशी मामंजींचा पत्राच हातात देते आणि त्यातले पूल मोजायला लावते.

सध्या चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, तयारी चालू आहे. यंदा माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या चौकटीचा, खोका करतोय, वर आडवी चौकट आणि तिला टांगलेला नारळ, सुपारीचा घोस, आंब्याची डहाळी. टांगलेल्या वस्तूंच्या दोऱ्याच पुलाचं काम करतात, हे कालच सुचलं. पडवीत दोरीवर चाळीस खोके वाळताहेत. सासूबाई म्हणतात सुपारी फार मोठी झाली. बरोबर आहे, उद्या शीट पुन्हा कापायची आहे.