केसगळती, बायोटिनची गोळी आणि थायरॉइडचा फसवा रिपोर्ट : माझा अनुभव

कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले आणि नखे टोकाशी पापुद्रे सुटून तुटू लागली, तेव्हा पुण्यातील एका त्वचारोगतज्ज्ञांनी मला हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२ आणि थायरॉइड या तपासण्या लिहून दिल्या. रक्त देऊन झाले, रिपोर्ट मोबाइलवर आला. अडले ते थायरॉइडपाशी.

टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारे मेंदूतल्या ग्रंथीचे संप्रेरक) फारच कमी आणि फ्री टी-४ (थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक) वाढलेले, म्हणजे ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असल्याचे चित्र दिसत होते. त्या विकारातही केस गळतात, त्यामुळे घरी सर्वांना निदान पटले. मात्र माझे वजन घटले नव्हते, छातीत धडधड नव्हती, हातही थरथरत नव्हते. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून एकच प्रश्न विचारला, "केसांसाठी कुठली गोळी चालू आहे का?" चिठ्ठीशिवाय मिळणारी बायोटिनची, म्हणजे ब गटातल्या एका जीवनसत्त्वाची, गोळी मी रोज घेत होते. पाकिटावर १० मिलिग्रॅम, म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम छापलेले होते. प्रौढ व्यक्तीची रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम असते आणि अंडी, शेंगदाणे, डाळी अशा नेहमीच्या आहारातून ती बहुधा भागते.

थायरॉइडच्या अनेक चाचण्यांच्या रसायनांतच बायोटिनचा वापर केलेला असतो. रक्तात ते बाहेरून भरमसाट आले, की चाचणीतील जोडणी बिघडते आणि टीएसएच खोटेच कमी, तर टी-४ खोटेच जास्त दिसते. हृदयविकाराच्या झटक्यात पाहिली जाणारी ट्रोपोनिनची चाचणीही यामुळे फसू शकते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्येच दिला होता.

हे सारे मी लॅबच्या खिडकीवर सांगितले, तेव्हा मिळालेल्या उत्तराचा राग अजून गेलेला नाही : "मॅडम, मशीनने दिलेला आकडा आहे, आम्ही काय करणार?" फेरतपासणीचे पूर्ण पैसे भरा, असेही वर ऐकवले. त्यांच्या फॉर्मवर मधुमेह, रक्तदाब आणि गर्भारपण यांसाठी चौकोन होते, परंतु रुग्ण कोणत्या पूरक गोळ्या घेतो हे लिहायला एक ओळही नव्हती, आणि केसगळतीसाठी तपासणीला येणाऱ्या बायका बायोटिन घेत असण्याची शक्यता किती मोठी आहे, हे लॅबला ठाऊक असायलाच हवे. खिडकीवरून हलायचे नाही, असे मी ठरवले. पॅथॉलॉजिस्टशी बोलण्याचा आग्रह धरल्यावर बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या, त्यांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकले, गोळी थांबवून पुन्हा रक्त द्यायला सांगितले आणि फॉर्मच्या समासात पेनाने 'बायोटिन बंद' असे स्वतः लिहिले. दुसऱ्या रिपोर्टमध्ये थायरॉइड अगदी व्यवस्थित निघाले. पैसे मात्र परत मिळाले नाहीत.

अशी तपासणी करायची असेल, तर बायोटिन निदान दोन दिवस आधी बंद ठेवावे. मात्रा मोठी असल्यास किती दिवस थांबायचे हे डॉक्टरांनाच विचारावे, आणि गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे.

खरे कारण पहिल्याच रिपोर्टमध्ये होते, पण थायरॉइडच्या गोंधळात त्याकडे कोणी पाहिले नाही. हिमोग्लोबिन मर्यादेत असूनही फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा, तळाला गेला होता. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढांमध्ये लिटरमागे १५ मायक्रोग्रॅमच्या खालचे फेरिटिन ही लोहाची कमतरता मानते. म्हणून केवळ हिमोग्लोबिनवर समाधान मानू नये. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. त्यासोबत मंडईतून अळीव आणि आवळे आणणे, मोड आलेल्या मटकीवर लिंबू पिळणे आणि जेवणाला लागून होणारा चहा तास-दीड तास पुढे ढकलणे, एवढे बदल मी केले, कारण चहातील टॅनिन लोहाचे शोषण रोखते, तर क जीवनसत्त्व ते वाढवते.

नखांवरचे पांढरे ठिपके कॅल्शियम कमी असल्याचे लक्षण आहे, असे मला अनेकींनी सांगितले. ते बहुधा नखाच्या मुळाशी बसलेल्या बारीकशा माराने येतात. हाताचे नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढते, त्यामुळे पूर्ण नवे नख यायला सहा महिने लागतात आणि तोवर नव्या गोळ्या शोधत बसण्याचे कारण नाही.