आडनाव काय म्हणालात?

परवा पेठेत भाड्याची खोली बघायला गेलो तर काकूंनी आधी नाव विचारलं, मग लगेच "नाही, पूर्ण नाव?" आता पूर्ण म्हणजे काय ते पुण्यात सगळ्यांनाच कळतं.

येताना बसमध्ये रोमन लोकांचं आठवत होतं. तिथे गुलामाला स्वातंत्र्य मिळालं की तो मालकाचंच नाव लावायचा, म्हणजे प्रसिद्ध वक्ता मार्कस टुलियस सिसेरोचा लेखनिक टीरो इसवी सनपूर्व 53 मधे सुटला आणि झाला मार्कस टुलियस टीरो. सुटका झाली पण मालक नावात बसलेलाच! टीरो हे जुनं नाव तेवढं शेवटी राहिलं.

पण मला खरी आवडते ती रेगिनाची गोष्ट. रोमन काळातल्या ब्रिटनमधल्या कॅटुवेलॉनी टोळीतली बाई, गुलाम होती, तिला सीरियातल्या पाल्मिराच्या बाराटेसने मुक्त केलं आणि लग्नही केलं (तिला कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न आहेच म्हणा). 30 व्या वर्षी गेली. इंग्लंडमधल्या साउथ शिल्ड्सला तिच्या थडग्याचा दगड सापडला, त्यावर ती मस्त खुर्चीत बसलीये, बाजूला लोकरीच्या गुंड्यांची टोपली, दागिन्यांची पेटी, एकदम घरची मालकीणच. वरचा मजकूर लॅटिन, त्यात चुका आहेत, पण खाली एक ओळ पाल्मिराच्या लिपीत, ती मात्र सुबक, अर्थ साधारण असा की रेगिना, बाराटेसने मुक्त केलेली, हाय हाय. म्हणजे बाराटेसला परमुलखात रडू आलं ते शेवटी मायबोलीतच. आणि तिची स्वतःची बोली? दगडावर तिचा एक शब्द नाही.

खोली मिळाली नाही, "आमच्या पुतण्याला लागणारे" म्हणाल्या.