पंखा गप्प व्हायचा

"टास्क मॅनेजर उघडला की पंखा एकदम गप्प होतो बघ. बंद केला की पुन्हा घोंघावायला लागतो." काकांनी फोनवर एवढंच सांगितलं आणि मला कळलं, आत मायनर बसलाय. दुसऱ्याच्या प्रोसेसरवर क्रिप्टोची नाणी काढणारे असे काही प्रोग्रॅम, कॉम्प्युटरवर काय काय चालू आहे ते दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरवर डोळा ठेवून असतात. तो उघडला की काम थांबवतात, म्हणजे बघणाऱ्याला सगळं आलबेल दिसतं. काका निवृत्त शिक्षक. त्यांनी हे नुसत्या कानांनी पकडलं होतं.

अँटीव्हायरस 'धोका नाही' असंच सांगत होता. मी स्कॅनच्या नादी न लागता त्याची अपवादांची यादी उघडली. त्यात अख्खा सी ड्राइव्ह! स्कॅनला तपासायला काही उरलंच नव्हतं. नातवाने व्हिडिओ एडिटिंगचं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर उतरवलं होतं. सोबतच्या फाइलीत पहिली सूचना होती, 'आधी अँटीव्हायरस बंद करा'. पोराने केला. त्याला रागावण्यात अर्थ नाही. सगळीकडे हीच सूचना वाचून त्याला ती नेहमीची वाटली होती.

प्रोसेस एक्सप्लोरर हा टास्क मॅनेजरसारखाच, पण जास्त खोलात दाखवणारा प्रोग्रॅम. मायनरने ओळखू नये म्हणून त्याच्या फाइलचं नाव बदलून तो चालवला, तेव्हा पंखा चालूच राहिला आणि चोर सापडला. नाव 'एसव्हीसीहोस्ट'. या नावाची विंडोजची खरी फाइल सिस्टिम32 फोल्डरमध्ये असते. ही युजरच्या रोमिंग फोल्डरमध्ये होती. प्रोसेस मारली, फाइल उडवली, त्याला आपोआप पुन्हा चालू करणारी रजिस्ट्रीतली रन की आणि टास्क शेड्युलरमधलं काम काढलं, अपवादांची यादी रिकामी केली. रीस्टार्टनंतर पंखा शांत. मी म्हणालो, "काका, आता स्वच्छ आहे. पासवर्ड तेवढे बदलून टाकू." त्याच मशीनवर बसून आम्ही ते बदलले. ब्राउझरने 'सेव्ह करू का' विचारलं, आम्ही हो म्हटलं.

तिसऱ्या दिवशी फाइल परत आली होती.

या वेळी ऑटोरन्स, म्हणजे विंडोजमध्ये आपोआप काय काय चालू होतं ते दाखवणारा प्रोग्रॅम, घेतला आणि त्यातला डब्ल्यूएमआयचा टॅब उघडला. डब्ल्यूएमआय ही विंडोजचीच सोय, 'अमुक घडलं की तमुक कर' असं तिला सांगून ठेवता येतं. तो मी पहिल्याच दिवशी बघायला हवा होता. तिथे एक फिल्टर, एक कन्झ्युमर आणि त्यांना जोडणारी नोंद होती. मशीन सुरू होऊन काही मिनिटं झाली की फिल्टर जागा होणार, कन्झ्युमर पॉवरशेलची, म्हणजे विंडोजला द्यायच्या आदेशांची, एक सांकेतिक ओळ चालवणार आणि ती ओळ सगळं पुन्हा उतरवून घेणार. मी फांद्या छाटल्या होत्या, मूळ तसंच होतं.

पण मायनर हा त्यातला निरुपद्रवी भाग. त्याच्यासोबत पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅमही उतरत होता. ब्राउझर पासवर्ड गुप्त स्वरूपात ठेवतो खरा, पण त्याच युजरच्या नावाने चालणाऱ्या प्रोग्रॅमला ते उलगडणं फारसं जड जात नाही. काकांच्या ईमेलला ओटीपी होता. तोही उपयोगी पडला नाही, कारण 'हा आधीच लॉगिन झालाय' हे साइटला सांगणारी ब्राउझरमधली खूण, म्हणजे सेशन कुकीच पळवली की ओटीपी विचारलाच जात नाही.

माझा एक सहकारी कायम म्हणतो, "फॉरमॅट मार आणि मोकळा हो." मी ते आळशीपणाचं लक्षण समजायचो. अशा संसर्गात त्याचं बरोबर आहे, हे आता मान्य करतो. मात्र फॉरमॅटने गेलेली कुकी परत येत नाही. आधी दुसऱ्या, निरोगी फोनवरून सगळीकडचे सेशन लॉगआउट करायचे, तिथूनच पासवर्ड बदलायचे, आलेली मेल गुपचूप दुसरीकडे पाठवणारा फॉरवर्डिंगचा नियम कुणी घालून ठेवलाय का ते बघायचं, आणि मग मशीनला हात लावायचा. शेवटी मी तेच केलं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर विंडोज नव्याने टाकण्यासाठी पेनड्राइव्ह तयार केला, सगळी पार्टिशन पुसली, फक्त फोटो आणि कागदपत्रं परत घेतली.

तोवर काकांच्या मेलवरून जुन्या विद्यार्थ्यांना 'तातडीने पैसे हवेत' असे निरोप गेले होते. बदललेल्या पासवर्डनंतरच्या त्या दोन दिवसांत. एकाने पाठवलेही. सरांनी मागितलेत म्हणून त्याने फोन करून विचारलंही नाही.

काका मला त्याबद्दल काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "त्याला मी फोन करतो, तू नको करूस."