बॅलार्डच्या तळघरातील तुळया

सिएटलमधील जुन्या, सळया न घालता बांधलेल्या विटांच्या इमारती भूकंपात कितपत तग धरतील, हे तपासणे हे माझे काम आहे. शहराच्या बॅलार्ड या भागात, बॅलार्ड अ‍ॅव्हेन्यूवरील अशाच एका इमारतीच्या तळघरात मी तुळयांची टोके तपासत होतो. तुळया भिंतीत जिथे टेकतात तिथे ओल धरून कुजतात, म्हणून तिथे टोचणीने टोचून पाहावे लागते. या तुळया डग्लस फर या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाच्या होत्या आणि त्यांची वलये इतकी दाट होती, की टोचणी आत शिरेना. इमारतीच्या मालकांचे वृद्ध स्नेही सोबत होते. तुळईवर हात ठेवून ते म्हणाले, "माझे आजोबा नॉर्वेहून येऊन इथल्या गिरणीत लागले. त्यांच्या उजव्या हाताला दोन बोटे नव्हती."

बॅलार्ड म्हटले की लोकांना नॉर्डिक संग्रहालय, ल्युथेरन चर्च आणि मासेमारीच्या बोटी आठवतात. परंतु १८९० मध्ये स्वतंत्र नगर झालेल्या या गावाचे पोट सॅल्मन बेच्या काठावरील लाकूडगिरण्यांवर चालत असे. १८८९ च्या आगीत सिएटलचा व्यापारी भाग भस्मसात झाला होता आणि नव्या बांधकामाला लाकूड हवे होते. खाडीतून तरंगत आणलेल्या रेड सीडरच्या ओंडक्यांपासून छपरांवर घालायच्या पातळ फळ्या, म्हणजे शिंगल, इथे एवढ्या प्रमाणात निघू लागल्या, की बॅलार्डला जगाची शिंगल-राजधानी म्हणत. स्टिमसनसारखे गिरणीमालक मिशिगनहून आले होते. नॉर्वे आणि स्वीडनहून आलेले अनेक जण मात्र मजुरीला होते.

शिंगल कापणाऱ्या कामगाराला एका हाताने फिरत्या करवतीवरून फळी उचलून लगेच दुसऱ्या करवतीवर तिच्या कडा तासाव्या लागत. दिवसभर त्याच वेगाने, सीडरच्या भुशाने भरलेल्या हवेत हे काम चाले. त्यामुळे दमा जडे आणि बोटे तुटत. बोटे नसलेल्या हातावरून कामगाराचा धंदा ओळखता येई, हे मी पूर्वी वाचले होते, पण ज्यांनी तो हात लहानपणी धरला होता त्यांच्या तोंडून ते ऐकणे फार वेगळे होते. आजोबा पुढे मासेमारीकडे वळले, असे ते म्हणाले. बोटीवरच्या वादळापेक्षा त्यांना करवतीची भीती अधिक वाटे.

पिण्याच्या पाण्याची टंचाई असह्य झाल्याने १९०७ मध्ये बॅलार्ड सिएटलमध्ये विलीन झाले. त्या दिवशी नगरभवनावर काळे कापड लावले होते, यावरून गावाला स्वातंत्र्य किती प्रिय होते ते कळते. १९७६ मध्ये हा रस्ता वारसा-क्षेत्र झाला आणि त्याची घोषणा स्वीडनचे राजे कार्ल सोळावे गुस्ताफ यांनी वाचली. त्या मानामुळेच विटांची ही दर्शनी बाजू टिकली, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. तरीही ज्या मजुरीवर इथल्या दुकानदारांचा धंदा उभा राहिला, ती करणाऱ्यांची आठवण या सुंदर दर्शनी भिंतींत कुठेच नाही, आणि हा मला अन्याय वाटतो.

अहवालात मी तुळया बदलू नयेत, पोलादी पट्ट्यांनी त्या भिंतींशी बांधाव्यात, अशी शिफारस केली. सोबत या वस्तीतील गिरण्या आणि त्यांतील कामगारांविषयी एक परिच्छेदही जोडला. मालकांनी त्यातील मजकूर प्रवेशद्वाराशी लावायचे मान्य केले आहे.